दगडाला नाव, नावाला नकाशा : भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची वाटचाल

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही देशातील सर्वांत जुन्या शासकीय वैज्ञानिक संस्थांपैकी एक. 4 मार्च 1851 हा तिचा स्थापनादिन. कोळसा, लोखंड, मँगॅनीज यांच्या शोधांबद्दल या संस्थेचा गौरव नेहमीच होतो आणि तो रास्तच आहे. पण तिच्या कामाची खरी प्रत पाहायची असेल, तर डोलोमाइटसारखे साधे खनिज समोर ठेवावे. या दगडाला सोन्याची झळाळी नाही की हिऱ्याचा दिमाख नाही. तरीही पोलादाची भट्टी, काचेचा कारखाना, आम्लधर्मी जमीन आणि दारापुढची रांगोळी या सर्वांशी त्याचा संबंध येतो. अशा दगडाला कोणी गिऱ्हाईक नसताना, त्याच्यापर्यंत रस्ता पोचलेला नसताना, त्याचे ठिकाण, जाडी, रंग आणि घटक लिहून ठेवणारे लोक या संस्थेने पिढ्यान् पिढ्या घडवले. गरज पडेल तेव्हा देशाला उत्तर तयार मिळावे, म्हणून आधीच नोंद करून ठेवायची, ही तिची परंपरा आहे.

एक खनिज, अनेक नावे

डोलोमाइट हे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे संयुक्त कार्बोनेट. शुद्ध डोलोमाइटमध्ये वजनाने सुमारे 54 टक्के कॅल्शियम कार्बोनेट आणि 46 टक्के मॅग्नेशियम कार्बोनेट असते. देओदा द दोलोमिय या फ्रेंच भूवैज्ञानिकाने 1791 मध्ये, आम्ल टाकले असता चुनखडकासारखा न फसफसणारा हा दगड शास्त्रापुढे मांडला. पुढच्याच वर्षी निकोला-तेओदोर द सोस्यूर यांनी त्याला दोलोमिय यांचे नाव दिले. मात्र व्यवहारात हा दगड अनेक नावांनी वावरत राहिला. मॅग्नेशियामुळे ‘बिटर स्पार’, मोत्यासारख्या चकाकीमुळे ‘पर्ल स्पार’, तर जुन्या अहवालांत ‘मॅग्नेशियन लाइमस्टोन’. आपल्याकडे खाणीवर तो सरसकट चुन्याचा दगड ठरतो, फरशीच्या दुकानात मार्बल म्हणून विकला जातो आणि त्याची पांढरी पूड रांगोळी म्हणून घराघरांत पोचते.

नावांची ही सरमिसळ पोलादाच्या भट्टीला चालत नाही. तिथे दगडातील मॅग्नेशिया किती आणि सिलिका किती यावर सगळा हिशेब ठरतो. म्हणून त्याची पारख उघड्या रानातच सुरू होते. सर्वेक्षणाचा भूवैज्ञानिक खडकाचा ताजा तुकडा फोडतो आणि त्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकतो. चुनखडक असेल तर थेंब लगेच फसफसतो. डोलोमाइट असेल तर जवळजवळ काहीच होत नाही. मग तो चाकूच्या टोकाने दगड खरवडतो, थोडी भुकटी जमवतो आणि तिच्यावर पुन्हा थेंब सोडतो. आता मात्र बारीक बुडबुडे हळूहळू वर येतात. बाहेरून पाहता हा खडक ऊनपावसाने हत्तीच्या कातडीसारखा सुरकुतलेला दिसतो. या सगळ्या खुणा वहीत उतरतात, नमुन्यावर क्रमांक पडतो, नमुना प्रयोगशाळेत जातो आणि मगच नकाशावर त्याचा रंग भरला जातो. पावणेदोनशे वर्षांत उपकरणे बदलली, पण कामाचा हा क्रम बदललेला नाही.

कोळशाच्या निमित्ताने

संस्थेचा उगम कोळशाच्या गरजेतून झाला. गंगेवर आगबोटी धावू लागल्या होत्या आणि त्यांना लागणारा कोळसा इंग्लंडहून आणणे ईस्ट इंडिया कंपनीला परवडत नव्हते. 1830 च्या दशकात भारतातील कोळसा आणि खनिजांचा तपास करण्यासाठी कलकत्त्यात समिती नेमली गेली. जॉन मॅक्लेलंड हे तिचे सचिव होते. विखुरलेल्या माहितीवर भागणार नाही, त्यासाठी प्रशिक्षित भूवैज्ञानिक हवा, असा आग्रह त्यांनी धरला. त्यानुसार डी. एच. विल्यम्स हे भूवैज्ञानिक सर्वेक्षक म्हणून 1846 मध्ये भारतात आले.

सुरुवातीची वाट खडतर होती. दामोदर खोऱ्यातील जंगलांत विल्यम्स यांनी कोळशाच्या थरांचा मागोवा घेतला, पण तीन वर्षे पुरी होण्याआधीच, नोव्हेंबर 1848 मध्ये, जंगली तापाने त्यांचा बळी घेतला. काही काळ मॅक्लेलंड यांनीच ही धुरा सांभाळली. काम बंद पडू द्यायचे नाही, हा निर्धार संस्थेला औपचारिक रूप मिळण्यापूर्वीच तिच्या अंगी मुरला होता.

पायाभरणी

मार्च 1851 मध्ये थॉमस ओल्डहॅम कलकत्त्यात दाखल झाले. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात भूविज्ञानाचे प्राध्यापक आणि आयर्लंडच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे स्थानिक संचालक म्हणून त्यांचा लौकिक होता. सरकारला त्यांच्याकडून मुख्यतः कोळसा हवा होता. ओल्डहॅम यांनी तो शोधलाच, पण त्यासोबत एक मूलभूत भूमिका घेतली. सुटी सुटी खनिजे शोधत फिरण्यापेक्षा देशाचा भूवैज्ञानिक नकाशा शिस्तीने तयार करावा, खनिजे त्यातून आपोआप पुढे येतील, असे त्यांचे मत होते. तात्काळ उत्पन्न न देणाऱ्या या कामासाठी पैसा आणि माणसे मिळवताना त्यांना सरकारशी वर्षानुवर्षे झगडावे लागले. 1876 मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी ही भूमिका सोडली नाही. संस्थेचा पाया त्या चिकाटीने घातला गेला.

ओल्डहॅम यांनी जमवलेली माणसेही तशीच होती. विल्यम ब्लॅनफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1856 मध्ये ओडिशातील तालचेर येथे प्राचीन हिमनदीने वाहून आणलेले गोटे ओळखले. उष्ण कटिबंधातल्या भूमीवर एकेकाळी बर्फ होता, हे विधान त्या काळी धाडसाचे होते. दख्खनच्या काळ्या पाषाणावरचा ब्लॅनफर्ड यांचा प्रबंध 1867 मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्राच्या कातळाचे ते पहिले मोठे शास्त्रीय वर्णन ठरले. हेन्री मेडलिकॉट यांनी गोंडांच्या भूमीवरून ‘गोंडवन’ हे नाव प्रचारात आणले आणि पुढे ते एका संपूर्ण प्राचीन महाखंडाला लाभले.

रॉबर्ट ब्रूस फुट यांचे नाव इथे आदराने घ्यायला हवे. 1863 मध्ये मद्रासजवळ पल्लावरम येथे त्यांना अश्मयुगीन हत्यार सापडले आणि भारतीय प्रागितिहासाचे दार उघडले. त्यांनी दक्षिण मराठा मुलखावर लिहिलेला प्रबंध 1876 मध्ये बाहेर आला. कलादगी आणि भीमा या खडकमालिकांचे वर्णन त्यात आहे. बागलकोट परिसरातील चुनखडक आणि डोलोमाइट याच कलादगी मालिकेतले. पुढे तिथे ज्या खाणी चालल्या, त्यांचे खडक फुट यांच्या पावलांनी आधीच मोजलेले होते. जवळपास त्याच सुमारास फ्रेडरिक मॅलेट दार्जिलिंग आणि पश्चिम दुआरच्या दाट जंगलात फिरत होते. भूतानच्या सीमेलगतच्या डोलोमाइटयुक्त खडकांना त्यांनी ‘बक्सा मालिका’ म्हटले. पूर्व हिमालयाच्या पायथ्याचा हा डोलोमाइट आजही त्याच नावाने ओळखला जातो.

लिहिलेले जपले पाहिजे आणि छापले पाहिजे, हा ओल्डहॅम यांचा दुसरा आग्रह होता. ‘मेमॉयर्स’ ही प्रबंधमाला 1856 पासून, जीवाश्मांवरील ‘पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका’ 1861 पासून आणि ‘रेकॉर्ड्स’ हे नियतकालिक 1868 पासून सुरू झाले. या कामाची किंमत माणसांनी जिवाने मोजली. फर्डिनांड स्टोलिच्का हे तरुण जीवाश्मतज्ज्ञ यार्कंद मोहिमेवरून परतताना 1874 मध्ये लडाखमधील मुर्गो येथे मरण पावले. त्यांनी गोळा केलेले नमुने आणि टिपणे मात्र सुखरूप पोचली आणि प्रसिद्ध झाली.

नोंदींचे भांडार

1879 मध्ये मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांनी भारताच्या भूविज्ञानाचा पहिला समग्र ग्रंथ सिद्ध केला. व्हॅलेंटाइन बॉल यांनी 1881 मध्ये त्याला आर्थिक भूविज्ञानाचा खंड जोडला, तर मॅलेट यांनी 1887 मध्ये खनिजविज्ञानाचा. जागोजागच्या वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेली खनिजे अशा खंडांमुळे एका शास्त्रीय शिस्तीत आली. एखाद्या जिल्ह्यातला पांढरा दगड म्हणजे साधा चुनखडक, संगमरवर की डोलोमाइट, हे सांगण्याचा आधार अभियंत्यांना आणि उद्योजकांना मिळाला. थिओडोर ह्यूज यांचा वर्धा खोऱ्यातील कोळशावरचा प्रबंध 1877 मधला. चंद्रपूर आणि यवतमाळच्या आजच्या कोळसा उद्योगाची शास्त्रीय मांडणी तिथपासून सुरू होते.

भारतीय तरुणांना या कामात वाटा मिळायला मात्र वेळ लागला. 1873 पासून काही भारतीय शिकाऊ म्हणून घेतले गेले, पण अधिकारीपद दूर होते. 1880 मध्ये प्रमथनाथ बोस या श्रेणीतले पहिले भारतीय अधिकारी झाले. 1887 मध्ये त्यांनी तत्कालीन रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील लोखंडावर अहवाल लिहिला. डल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांची त्यात नोंद होती. बोस यांना सेवेत न्याय मिळाला नाही. त्यांना डावलून कनिष्ठ अधिकाऱ्याला संचालकपद दिले गेले आणि 1903 मध्ये ते सेवेतून बाहेर पडले. पण त्यांचे ज्ञान देशाच्या कामी आले. मयूरभंज संस्थानातील उत्तम लोहखनिजाची माहिती त्यांनी 24 फेब्रुवारी 1904 च्या पत्राने जमशेटजी टाटांना कळवली आणि भारतीय पोलाद उद्योगाची दिशा ठरली.

याच कालखंडात भूकंपशास्त्रातही संस्थेने जागतिक योगदान दिले. थॉमस ओल्डहॅम यांचे चिरंजीव रिचर्ड ओल्डहॅम यांनी 1897 च्या आसाम भूकंपाचा अभ्यास केला. 1899 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रबंध भूकंपलहरींचे प्रकार वेगळे ओळखण्यासाठी पायाभूत मानला जातो. पृथ्वीला गाभा आहे, हा निष्कर्ष त्यांनी 1906 मध्ये मांडला.

भट्ट्यांची भूक

विसाव्या शतकात सर्वेक्षणाच्या जुन्या नोंदींना नवे गिऱ्हाईक मिळाले. संचालक थॉमस हॉलंड यांच्या कारकिर्दीत देशाच्या खनिज उत्पादनाचे नियमित आढावे प्रसिद्ध होऊ लागले. पोलाद कारखाना उभा राहिला की फक्त लोहखनिजावर भागत नाही. झोतभट्टीत धातुकातला गाळ वितळवून बाजूला काढण्यासाठी चुनखडक आणि डोलोमाइट अभिवाह म्हणून लागतात. शिवाय भाजलेल्या डोलोमाइटचा थर भट्टीच्या आतल्या बाजूला दिला की तो प्रचंड उष्णता सोसतो. त्यामुळे छोटा नागपूर आणि गंगपूर संस्थानातल्या डोलोमाइटला अचानक मोल आले.

गंगपूरचे, म्हणजे आजच्या ओडिशातील सुंदरगढ जिल्ह्यात येणाऱ्या मुलखाचे सर्वेक्षण एम. एस. कृष्णन यांनी केले. 1924 मध्ये ते संस्थेत दाखल झाले होते. गंगपूर संस्थानावरील त्यांचा प्रबंध 1937 मध्ये आला. बिरमित्रपूरच्या चुनखडक आणि डोलोमाइटच्या थरांचे स्थान, त्यांचा क्रम आणि त्यांच्या घड्या त्यात काळजीपूर्वक मांडल्या आहेत. खाण चालवणाऱ्याला आपल्या खाणीपुरता दगड दिसतो. तो थर जमिनीखाली कुठे वळला आणि पुन्हा कुठे वर आला, हे सांगायला असा प्रबंध लागतो.

विदर्भ आणि मध्य प्रांतातही याच काळात भरीव काम झाले. ल्यूइस ली फर्मर यांचा भारतातील मँगॅनीजवरचा हजाराहून अधिक पानांचा प्रबंध 1909 मध्ये प्रसिद्ध झाला. नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यातील मँगॅनीज उद्योग आजही त्याचे ऋण मानतो. पुढे डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी रामटेकजवळील देवलापार परिसरात खडकांच्या गुंतागुंतीच्या घड्या उलगडल्या. एका जागी तयार झालेले खडक भूहालचालींनी दूरवर ढकलले जाऊन दुसऱ्या खडकांवर पसरले आहेत, हा त्यांचा 1936 मधला निष्कर्ष गाजला. या सौंसर खडकगटात मँगॅनीजबरोबर डोलोमाइटी संगमरवराचेही थर आहेत आणि त्यांचा माग काढतच घड्यांचे कोडे सुटले. आर्थिकदृष्ट्या दुय्यम मानलेला दगड भूरचना समजण्यासाठी मात्र मार्गदर्शक ठरला.

दाराशॉ नौशेरवान वाडिया 1921 मध्ये सर्वेक्षणात आले. वायव्य हिमालयाच्या रांगा एका बिंदूभोवती कशा वळल्या आहेत, याचे त्यांचे विवेचन जगभर मान्य झाले. ते सुरुवातीला जम्मूत शिक्षक होते. विद्यार्थ्यांना घेऊन डोंगर चढणारा हा अभ्यासक पुढे रॉयल सोसायटीचा फेलो झाला. भारतीय भूवैज्ञानिक जागतिक दर्जाचे मूलभूत संशोधन करू शकतो, हे वाडियांनी निर्विवाद सिद्ध केले.

युद्ध, स्वातंत्र्य आणि शताब्दी

दोन्ही महायुद्धांनी संस्थेची घडी विस्कटली. अधिकारी लष्करी कामावर गेले, नकाशांची कामे रखडली. पण दुसऱ्या महायुद्धाने एक नवी जबाबदारीही दिली. परदेशातून धातू येणे बंद झाल्यावर उपलब्ध खनिजे प्रत्यक्ष वापरात आणण्यासाठी संस्थेत स्वतंत्र शाखा निघाली. राजस्थानातील जावरच्या प्राचीन शिसे-जस्त खाणींचा तपास तिने हाती घेतला. जावरला जस्त गाळण्याची परंपरा कित्येक शतकांची, मधल्या काळात ती खंडित झाली होती. तिथले शिसे आणि जस्त डोलोमाइटच्या थरांत सामावलेले आहे. म्हणजे डोलोमाइट कुठे आहे हे कळले की धातू कुठे शोधायचा याची दिशा मिळते. सर्वेक्षणाच्याच ए. एम. हेरॉन यांनी अरवलीचे केलेले नकाशांकन या तपासाला आधारभूत ठरले.

स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश अधिकारी परतू लागले आणि अनुभवी माणसांची चणचण भासली. त्याच वेळी नव्या देशाची मागणी अनेकपटींनी वाढली होती. 1951 हे शताब्दीचे वर्ष. त्याच वर्षी एम. एस. कृष्णन यांनी संचालकपदाची सूत्रे घेतली. या पदावर बसणारे ते पहिले भारतीय. गंगपूरच्या रानात डोलोमाइटचे थर मोजणारा अधिकारी संस्थेच्या सर्वोच्च स्थानी पोचला, ही सर्व भारतीय सहकाऱ्यांसाठी अभिमानाची घटना होती.

पंचवार्षिक योजनांनी जुन्या अहवालांची खरी कसोटी घेतली आणि ते कसोटीला उतरले. भिलाईच्या पोलाद कारखान्यात 1959 मध्ये उत्पादन सुरू झाले. त्याला लोहखनिज राजहऱ्याचे, चुनखडक नंदिनीचा आणि डोलोमाइट बिलासपूरजवळच्या हिर्रीचा. राजहऱ्याच्या लोखंडाची नोंद बोस यांनी केली, त्याला तेव्हा सात दशके उलटून गेली होती. लिहिताना बोस यांना भिलाईच्या कारखान्याची कल्पनाही नव्हती. तरी त्यांचे लिखाण उपयोगी पडले, कारण ते नीट लिहिलेले आणि नीट जपलेले होते.

विस्ताराची दशके

1948 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय नागपुरात आले. 1 जानेवारी 1966 रोजी ब्युरोचा शोध विभाग भूवैज्ञानिक सर्वेक्षणात विलीन झाला आणि वेधनयंत्रे, खाण अभियंते आणि तंत्रज्ञ मोठ्या संख्येने संस्थेत आले. पृष्ठभागावरच्या नकाशाला खोलीची जोड मिळाली. 1964 मध्ये नवी दिल्लीत आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक काँग्रेस भरली. आशियात ती प्रथमच भरत होती आणि तिच्या आयोजनात सर्वेक्षणाचा मोठा वाटा होता. 1967 पासून विमानातून भूभौतिक सर्वेक्षणाचा मोठा कार्यक्रमही हाती घेतला गेला.

कामाचा व्याप पाहून लखनौ, जयपूर, नागपूर, हैदराबाद, कोलकाता आणि शिलाँग अशी सहा विभागीय केंद्रे विकसित झाली. मध्य विभागाचे केंद्र म्हणून नागपूरला मान मिळाला. 1976 मध्ये हैदराबादला प्रशिक्षण संस्था सुरू झाली. नव्या अधिकाऱ्यांना वर्गातल्या शिक्षणानंतर जावर आणि चित्रदुर्गसारख्या ठिकाणी प्रत्यक्ष खडकावर उभे करून शिकवले जाते. पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या सुमारास फील्ड सीझन सुरू होतो आणि उन्हाळा तापेपर्यंत चालतो. महिनोन् महिने घरापासून दूर, तंबूत किंवा गावातल्या शाळेच्या खोलीत मुक्काम, रोज काही किलोमीटरची पायपीट आणि रात्री कंदिलाच्या उजेडात वही पूर्ण करणे, असे हे जीवन अनेक पिढ्यांनी स्वीकारले. नकाशाखाली अधिकाऱ्याचे नाव छापले जाते. पण वाट दाखवणारा गावकरी, नमुन्यांची पोती वाहणारा मजूर, दऱ्याखोऱ्यांतून जीप नेणारा चालक, वेधनयंत्रावरचा कामगार, खडकाच्या पातळ चकत्या घासणारा प्रयोगशाळा सहायक आणि रंग भरणारा आरेखक यांचे हातही प्रत्येक नकाशात आहेत.

अंटार्क्टिकाच्या मोहिमांतही संस्थेने भाग घेतला. भारताच्या दुसऱ्या मोहिमेचे नेतृत्व 1982 मध्ये सर्वेक्षणाचेच व्ही. के. रैना यांनी केले. पुढच्या मोहिमेत तिथे पोचलेल्या पहिल्या दोन भारतीय महिला शास्त्रज्ञांपैकी सुदीप्ता सेनगुप्ता यांनी आपल्या कारकिर्दीच्या आरंभी याच संस्थेत काम केले होते. दुसऱ्या होत्या नागपूरच्या कन्या अदिती पंत. गुजरातमधील रहिओली येथे सर्वेक्षणाच्या सुरेश श्रीवास्तव यांनी 1980 च्या दशकात उकरलेल्या हाडांवरून 2003 मध्ये ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ हा डायनोसॉर जगासमोर आला.

लोणारची कथा संस्थेच्या शास्त्रीय प्रामाणिकपणाची साक्ष देते. सर्वेक्षणाच्या ला टूश आणि क्रिस्टी यांनी 1912 मध्ये लोणार सरोवराचे तपशीलवार वर्णन केले. तेव्हा त्याचे मूळ ज्वालामुखीशी जोडले जात होते. 1970 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी शास्त्रज्ञांच्या सहकार्याने तिथे वेधन झाले, तीव्र आघाताच्या खुणा सापडल्या आणि ते अशनिपातानेच झालेले विवर असल्याचे स्पष्ट झाले. जुने मत बाजूला ठेवून संस्थेने नवा पुरावा स्वीकारला. आज लोणार राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकांच्या यादीत आहे. राजस्थानातील झामरकोटडा येथील प्राचीन सूक्ष्मजीवांच्या थरांचे उद्यानही त्याच यादीत आहे.

आपत्तीच्या वेळी

11 डिसेंबर 1967 रोजी कोयनेला आणि 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीला भूकंप झाले. स्थिर समजल्या जाणाऱ्या दख्खनच्या पठाराबद्दलच्या समजुती त्यांनी हादरवल्या. दोन्ही वेळी सर्वेक्षणाचे पथक ढिगाऱ्यांमधून फिरले, भेगा मोजल्या, हानीचे नकाशे केले. देशभरातील अशा माहितीचे संकलन करून 2000 मध्ये संस्थेने भूकंपप्रवण भूरचनांचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला.

30 जुलै 2014 रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. त्या घटनेनंतर सह्याद्रीच्या उतारांकडे नव्या गांभीर्याने पाहिले गेले. देशभरातील दरडप्रवण क्षेत्रांचे राष्ट्रीय नकाशांकन सर्वेक्षणाने हाती घेतले. दरडीच्या पूर्वसूचनेचे प्रयोग दार्जिलिंग आणि निलगिरीपासून सुरू झाले आणि जुलै 2024 मध्ये कोलकात्यात राष्ट्रीय दरड पूर्वानुमान केंद्राचे उद्घाटन झाले. खनिज शोधण्यासाठी शिकलेले खडक वाचण्याचे कसब आता माणसे वाचवण्यासाठी वापरले जात आहे.

आजचे स्थान

आज देशाच्या बहुतेक सर्व भूभागाचे 1:50,000 प्रमाणावरील भूवैज्ञानिक नकाशे तयार आहेत. भूरासायनिक आणि भूभौतिक नकाशांकन त्यांच्या जोडीला चालू आहे. 2013 मध्ये दाखल झालेले ‘समुद्र रत्नाकर’ हे जहाज सागरतळाचा अभ्यास करते. डिसेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडार खुले झाले आणि एके काळी कोलकात्याच्या ग्रंथालयात जाऊन पाहावे लागणारे अहवाल अभ्यासकाला घरबसल्या उपलब्ध झाले. लिथियमसारख्या नव्या युगाच्या खनिजांचा शोध हे संस्थेपुढचे ताजे काम आहे.

डोलोमाइटच्या बाबतीतही काळ बदलला. फेब्रुवारी 2015 मध्ये केंद्र सरकारने ज्या 31 खनिजांना गौण खनिजांचा दर्जा दिला, त्यांत डोलोमाइटही होते. त्याच्या परवान्यांचे नियम आता राज्यांकडे आहेत. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर आणि नागपूर जिल्ह्यांत डोलोमाइट आहे. कोकणातील जांभ्यावरच्या आम्लधर्मी जमिनींना चुन्याबरोबर मॅग्नेशियमही देणारा हा दगड शेतीसाठी उपयुक्त आहे. कायद्याच्या वर्गवारीत तो गौण ठरला, तरी त्याची शास्त्रीय नोंद गौण झाली नाही. पोलाद कारखाने, शेतकरी आणि राज्यांचे खनिकर्म विभाग यांना त्याची प्रत आणि साठे ठरवताना आजही सर्वेक्षणाच्या नकाशापासूनच सुरुवात करावी लागते. मॅलेट ज्या बक्साच्या रानात फिरले, तिथे 1983 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. कुठे खणायचे आणि कुठे मुळीच खणायचे नाही, हे दोन्ही निर्णय घ्यायला जमिनीखाली काय आहे याची खरी माहिती लागते आणि ती हीच संस्था पुरवते.

पावणेदोनशे वर्षांत संस्थेने राज्यकर्ते बदललेले पाहिले, युद्धे सोसली, साथीचे ताप सोसले, निधीची टंचाई सोसली. तिच्या कामाला प्रसिद्धीचा लखलखाट क्वचितच लाभला. तरीही तिच्या प्रबंधांची पाने देशाच्या प्रत्येक मोठ्या उभारणीत उघडली गेली. पुढच्या फील्ड सीझनमध्ये कुठल्या तरी नव्या टोपोशीटवर एक तरुण अधिकारी हातोडा, भिंग आणि आम्लाची बाटली घेऊन उतरेल. त्याने केलेल्या नोंदीचा उपयोग कोणाला आणि केव्हा होईल हे आज सांगता येणार नाही, पण ती नोंद अचूक असेल. ओल्डहॅम यांनी धरलेला आणि बोस, वाडिया, कृष्णन यांनी उंचावलेला हा दंडक हेच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे सर्वांत मौल्यवान धन आहे आणि पुढील वाटचालीची हमीही.